दुष्काळ कुठून मोजायचा?

सप्टेंबर संपत आला की मराठवाड्यात, सोलापुरात, नगरच्या पठारावर पारावरच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो: 'यंदा आणेवारी किती लागली?' सरकारी कागदावर तिला पैसेवारी म्हणायला लागून कित्येक दशकं झाली, पण तोंडात आणेवारीच बसली आहे. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. आठ आण्यांच्या आत आलं की दुष्काळ. दशमान पद्धत आली तशी सोळा आण्यांचे शंभर पैसे झाले आणि आठ आण्यांचे पन्नास. गावाची पैसेवारी पन्नासच्या आत लागली तर जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, शेतीपंपाच्या वीजबिलात सवलत, मुलांची परीक्षा फी माफ असं काही पदरात पडायचं. एक्कावन्न लागली तर काहीच नाही. दोन पैशांच्या फरकासाठी गावं तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवत आली आहेत.

ही पैसेवारी काढतात कशी? शिवारातली काही शेतं निवडायची, उभ्या पिकात दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापून, मळून, वजन करायचं. त्यावरून हेक्टरी उतारा किती पडला ते काढायचं आणि चांगल्या वर्षाच्या प्रमाण उत्पन्नाशी ताडून पाहायचं. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, पुढे ऑक्टोबरात सुधारित आणि डिसेंबरात अंतिम अशा तीन पायऱ्यांनी हा आकडा पक्का होतो. पीक कापणीचा हा प्रयोग मुळात चांगला आहे. जमिनीवर उभं राहून, हातात तागडी धरून केलेलं मोजमाप आहे ते. पण ते जन्मलं महसुलाच्या पोटी. शेतकऱ्याकडून यंदा सारा वसूल करता येईल का, हा त्याचा मूळ प्रश्न. विहिरीत किती पाणी आहे आणि ते किती दिवस पुरेल, हे त्याला कधी कुणी विचारलंच नाही.

याचा परिणाम दर काही वर्षांनी दिसतो. जुलै-ऑगस्टात पाऊस बेताचाच, पण वेळेवर पडतो. सोयाबीन तगतं, उडीद-मूग हाती लागतो, पैसेवारी साठच्या घरात जाते. पण हा सगळा पाऊस भुईनेच पिऊन टाकलेला असतो. ओढे वाहिलेले नसतात, परतीचा पाऊसही दगा देतो, तळ्यात नवं पाणी येत नाही. कागदावर सुकाळ असलेल्या त्याच गावात मार्चमध्ये टँकर उभा राहतो. उलटही घडतं. काढणीच्या तोंडावर धो-धो पाऊस कोसळतो, पीक पाण्यात कुजतं, पैसेवारी तीसवर येते आणि विहिरी मात्र काठोकाठ भरलेल्या. दोन्हींना आपण दुष्काळच म्हणतो, एक कोरडा आणि एक ओला.

दुष्काळही पाण्यासारखाच वरून खाली झिरपत जातो. आधी तो आभाळात असतो, मग मातीत उतरतो, मग विहिरीत आणि सगळ्यांत शेवटी धरणात. या प्रत्येक पायरीवर त्याला मोजायचं माप वेगळं आहे आणि प्रत्येक माप वेगळ्या वेळी बोलतं. पाण्याच्या नियोजनातल्या बऱ्याच चुका एका पायरीचं माप दुसऱ्या पायरीला लावल्यामुळे होतात, असं मला वाटतं.

आभाळाचं माप सर्वांत सोपं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, चोवीस तासांची नोंद करायची. आता महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रंही आली आहेत, राज्यभरात दोन हजारांहून अधिक. हवामान खात्याच्या हिशेबात पाऊस सरासरीच्या एकोणीस टक्के वर-खाली असेल तर तो सामान्य. वीस ते एकोणसाठ टक्के तूट म्हणजे अपुरा, त्याहून जास्त तूट म्हणजे अत्यंत अपुरा. एखाद्या भागात हंगामाचा पाऊस सरासरीच्या पंचाहत्तर टक्क्यांच्याही खाली गेला की तिथे हवामानाच्या अर्थाने अवर्षण. तूट पन्नास टक्क्यांच्या पुढे गेली तर ते तीव्र.

पण टक्केवारी फसवते. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे चतुर्थांश कमी झाला तरी भाताला पाणी मिळतं. माणदेशात सरासरीच पाचशेच्या आसपास. तिथे चतुर्थांश गेला की ज्वारीचं कणीस भरत नाही. शिवाय काही प्रदेशांत पाऊस मुळातच लहरी असतो. तिथे पंचवीस टक्क्यांची तूट दर चार-पाच वर्षांनी येते, लोकांनी तिच्याशी जुळवूनही घेतलेलं असतं. दुसरीकडे तेवढीच तूट पन्नास वर्षांत एकदाच येते.

ही अडचण सोडवायला १९९३ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्य विद्यापीठातल्या मॅकी, डोस्कन आणि क्लाइस्ट यांनी एक मोजमाप मांडलं. त्याला आपण प्रमाणित पर्जन्य निर्देशांक म्हणू. कल्पना साधी आहे. एखाद्या ठिकाणचा निदान तीस वर्षांचा पाऊस घ्या, तो कमीपासून जास्तीपर्यंत रांगेत लावा आणि यंदाचं वर्ष त्या रांगेत कुठे उभं राहतं ते पाहा. वर्ष नेहमीसारखं असेल तर निर्देशांक शून्याच्या आसपास. उणे एकच्या खाली गेला तर मध्यम दुष्काळ, उणे दीडच्या खाली तीव्र आणि उणे दोनच्या खाली अतितीव्र. त्या त्या गावाची तुलना त्याच गावाच्या इतिहासाशी होते, त्यामुळे कोकणातली दापोली आणि माणदेशातली दहिवडी एकाच पट्टीवर मोजता येतात. २००९ साली जागतिक पातळीवरच्या हवामानतज्ज्ञांनी सर्व देशांच्या हवामान खात्यांना हाच निर्देशांक वापरण्याची शिफारस केली.

या निर्देशांकाची खरी ताकद त्याच्या कालावधीत आहे. तो एका महिन्याच्या पावसावर काढता येतो, तीन महिन्यांच्या, बारा किंवा चोवीस महिन्यांच्याही. एका महिन्याचा निर्देशांक मातीबद्दल सांगतो, तीन महिन्यांचा पिकाबद्दल आणि बारा-चोवीस महिन्यांचा विहिरी आणि धरणांबद्दल. मराठवाड्यात २०१४ आणि २०१५ या दोन्ही पावसाळ्यांत सरासरीपेक्षा सुमारे चाळीस टक्के पाऊस कमी पडला. प्रत्येक वर्ष सुटं घेतलं तर दोन वाईट वर्षं. चोवीस महिन्यांचा हिशेब एकत्र मांडला तर दिसतं ते वेगळंच: पहिल्या वर्षी साठ्यातलं पाणी वापरून दिवस काढले गेले आणि दुसऱ्या वर्षी काढायला साठाच उरला नाही. या निर्देशांकाचं एक उणंही आहे. तो फक्त पडलेलं पाणी मोजतो, उन्हाने उडालेलं नाही. तापमान वाढत चाललं तसं हे उणं जास्त खुपू लागलं. म्हणून २०१० साली स्पेनमधल्या संशोधकांनी त्यात बाष्पीभवनाचाही हिशेब घालून नवा निर्देशांक केला.

हंगामाची एकूण बेरीज आणखी एक गोष्ट लपवते, ती म्हणजे पावसाचा खंड. २०२३ चा ऑगस्ट हा देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. बहर धरायच्या वेळी सोयाबीन आणि कापसाला तीन-तीन आठवडे थेंब मिळाला नाही. सप्टेंबरात पाऊस आला आणि बेरीज थोडी सावरली, पण गळून गेलेली फुलं परत झाडाला लागत नाहीत.

मातीचं आणि पानाचं माप आता आकाशातून घेतलं जातं. हिरवं, तजेलदार पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवतं. पान सुकलं की हे प्रमाण बदलतं. उपग्रह या दोन प्रकाशांची तुलना करून शिवार किती हिरवं आहे ते सांगतात आणि त्याच जागेच्या मागच्या वर्षांच्या नोंदींशी ते ताडून पाहिलं जातं. मोठा भाग एका नजरेत दिसतो हा त्याचा फार मोठा फायदा. पण उपग्रहाला पीक आणि गाजरगवत यांतला फरक नेहमी कळतोच असं नाही. जिथे उसाचे फड बोअरच्या पाण्यावर उभे असतात तो तालुका वरून हिरवागार दिसतो, आणि त्या हिरवेपणासाठीच भूजल खाली गेलेलं असतं.

२०१६ च्या अखेरीस केंद्र सरकारने दुष्काळ जाहीर करण्याची नवी नियमपुस्तिका काढली आणि पैसेवारीचं राज्य संपलं. महाराष्ट्राने २०१७ मध्ये तिच्यातली पद्धत स्वीकारली. या पद्धतीत एकामागून एक दोन कळा दाबल्या जाव्या लागतात. आधी पावसाची कळ: तूट किती, खंड किती. ती दाबली गेली तर परिणामांची कळ. त्यात चार गट आहेत: पेरणीखालचं क्षेत्र, उपग्रहाने दिसणारी पिकांची स्थिती, मातीतला ओलावा आणि जलसाठा, म्हणजे धरणं, भूजल, नदीचा प्रवाह. दोन्ही कळा दाबल्या गेल्या की तालुक्यातली दहा टक्के गावं निवडून प्रत्यक्ष शेतात जाऊन खात्री करायची आणि खरिपाचा निर्णय ऑक्टोबरअखेर घ्यायचा. या पद्धतीने २०१८ मध्ये राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांतले ११२ तीव्र आणि ३९ मध्यम. २०२३ मध्ये ४० तालुके. दोन्ही वर्षी नंतर आणखी महसूल मंडळं जोडावी लागली, कारण एका तालुक्यात एका कोपऱ्यावर पाऊस असतो आणि दुसऱ्यावर नसतो.

नवी पद्धत पैसेवारीहून कितीतरी बरी आहे, तारखेच्या दृष्टीने तर फारच. तरी तिच्यातली एक गोष्ट मला सलते. परिणामांच्या चार गटांपैकी कोणतेही तीन घेतले तरी चालतात. म्हणजे जलसाठ्याचा गट बाजूला ठेवूनही दुष्काळ ठरवता येतो. धरण आणि विहीर न पाहता दुष्काळाची तीव्रता ठरू शकते, ही पैसेवारीचीच जुनी खोड नव्या कपड्यांत आली आहे.

विहिरीचं माप समजून घ्यायचं तर आधी आपल्या पायाखालचा दगड समजून घ्यावा लागतो. महाराष्ट्राचा सुमारे ऐंशी टक्के भाग काळ्या कातळाचा, लाव्हा थिजून बनलेल्या बेसाल्टचा आहे. गंगा-यमुनेच्या खोऱ्यात वाळू-मातीचा शेकडो मीटर जाडीचा स्पंज आहे. आपल्याकडे पाणी राहतं ते मुरमात आणि दगडाच्या भेगांत. अशा कातळात एक घनमीटर आकारमानातून विहिरीला मिळणारं पाणी साधारण दोन टक्के धरलं, तर पाण्याची पातळी एक मीटर खाली गेली म्हणजे प्रत्यक्षात फक्त वीस मिलिमीटर पाणी संपलं. म्हणून आपल्या विहिरी एका चांगल्या पावसात झरझर भरतात आणि दिवाळीनंतर तितक्याच झरझर उतरतात. दगडाला धीर नाही.

राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने सुमारे चार हजार विहिरी निरीक्षणासाठी ठरवून ठेवल्या आहेत. वर्षातून चार वेळा त्यांत फीत सोडून पातळी मोजतात आणि मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडतात. पावसाळा संपतानाच्या नोंदीत पातळी मीटरहून जास्त खाली दिसली आणि पाऊसही वीस टक्क्यांहून कमी झाला असेल, तर कोणत्या गावांत कोणत्या महिन्यापासून टंचाई येईल याचा अंदाज ऑक्टोबरातच बांधता येतो. इतक्या साध्या साधनांनी इतकं उपयोगाचं भाकीत क्वचितच कुठे होत असेल. पण यातल्या बहुतेक विहिरी उथळ, जुन्या खणलेल्या विहिरी आहेत. शेतकरी मात्र आता सहाशे-आठशे फूट खाली बोअर मारतो. तिथलं पाणी कित्येक वर्षांत मुरलेलं असतं, आणि ते किती उरलं हे त्या फितीला कळत नाही.

बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली माणसं एक गोष्ट आवर्जून सांगतात: तेव्हा धान्य नव्हतं, पण आडाला पाणी होतं. मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, सुकडी खाल्ली, दुष्काळी कामांवर खडी फोडली, पण प्यायचं पाणी गावात मिळायचं. त्याच दुष्काळाने रोजगार हमी योजना राज्यभर नेली. त्याच काळात खोल बोअरची यंत्रं खेडोपाडी पोचली. जालना आणि सोलापूर इथे हातपंपांत झालेल्या सुधारणांतूनच पुढे देशभर गेलेला इंडिया मार्क दोन हा हातपंप घडला. बोअरने लाखो घरांची तहान भागवली. पुढे त्यावर विजेचा पंप बसला आणि वाईट वर्षासाठी राखून ठेवलेली तळाची शिल्लक चांगल्या वर्षातच उपसली जाऊ लागली. २०१३ साली आणि २०१६ साली रेशनच्या दुकानात धान्य होतं, पाणी नव्हतं.

धरणाचं माप रोजच्या वर्तमानपत्रात येतं, आणि तेच सर्वांत जास्त चुकीचं वाचलं जातं. धरणाच्या पाण्याचे दोन भाग: दरवाजांतून आणि कालव्यातून आपोआप बाहेर येऊ शकेल तो उपयुक्त साठा आणि त्याखाली उरतो तो मृतसाठा. पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, पूर्ण भरला की त्यात जवळजवळ १०३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असतं. त्यातलं सुमारे ७७ टीएमसी उपयुक्त, उरलेलं २६ मृत. बातमीत 'जायकवाडी शून्य टक्के' असं येतं तेव्हाही तिथे पाणी असतं, ते पंपाने उपसून शहरांना द्यावं लागतं. पण जसजसं पाणी खाली जातं तसतसा त्यात गाळ वाढतो, शुद्धीकरणाला वेळ लागतो आणि नळाचा दिवस चारावरून आठावर जातो.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरने हे सगळं अंगावर काढलं. शहराला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं. पाणी भरण्याच्या जागी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. रेल्वेच्या आणि इतर खात्यांच्या माणसांनी ते काम विलक्षण झपाट्याने केलं आणि लोकांचा जीव वाचला. आता हिशेब मांडू. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. एक पूर्ण गाडी म्हणजे माणशी साडेसहा लिटर. टंचाईत टँकरने पाणी द्यायचा राज्याचा निकष माणशी वीस लिटरचा आहे. अशा चारशे गाड्या आल्या तर एक दशलक्ष घनमीटर पाणी होतं, आणि मांजराचा उपयुक्त साठाच जवळजवळ १७७ दशलक्ष घनमीटर.

आणखी दोन आकडे मला पुन्हा पुन्हा आठवतात. मे महिन्याच्या उन्हात तलावाची पातळी नुसत्या वाफेने रोज सेंटीमीटरभर उतरू शकते. पंचवीस हेक्टर पसाऱ्यावर एक सेंटीमीटर म्हणजे पंचवीस लाख लिटर. साडेतीनशे किलोमीटर दुरून आणलेल्या पन्नास वाघिणींइतकं पाणी, एका छोट्या तलावावरून, एका दिवसात. दुसरा आकडा उसाचा. वर्षाच्या उसाला सुमारे दोन मीटर उंचीचं पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. तशा आठ गाड्या, एका हेक्टरला. शेतकऱ्याला यात दोष देणं सोपं आहे आणि अन्यायाचंही, कारण हमखास भाव आणि हमखास खरेदी असलेलं दुसरं पीक त्याच्यापुढे ठेवलेलं नाही. पण पाण्याचा हिशेब करताना हा आकडा झाकून ठेवता येत नाही.

म्हणूनच पाणीपुरवठ्याच्या दृष्टीने वर्षातली सर्वांत महत्त्वाची तारीख १५ ऑक्टोबर आहे. पावसाळा उलटलेला असतो, धरणात किती पाणी आलं ते कळलेलं असतं. त्या दिवशीच्या साठ्यातून पुढच्या जुलैपर्यंतचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, बाष्पीभवन वजा करायचं आणि उरेल त्यातून शेतीची आवर्तनं ठरवायची, असा शिरस्ता आहे. अंतिम पैसेवारी डिसेंबरात लागायची तोवर रब्बीची पहिली आवर्तनं सुटून गेलेली असत. पाणी असताना दुष्काळ नव्हता आणि दुष्काळ जाहीर झाला तेव्हा पाणी नव्हतं.

गोदावरीच्या खोऱ्यात हीच तारीख कायद्यात बसली आहे. वर नाशिक आणि नगर जिल्ह्यांतली गंगापूर, दारणा, भंडारदरा, निळवंडे, मुळा ही धरणं, खाली जायकवाडी. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने खोऱ्यातली टंचाई सर्वांनी वाटून घ्यावी असं ठरवलं. त्यावर २०१४ मध्ये प्राधिकरणाने निकष घातला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं. वरच्या शेतकऱ्याचं दुखणंही खरं आहे. त्याच्या द्राक्षबागेला आणि डाळिंबालाही पाणी हवं. २०२३ मध्ये जायकवाडीसाठी ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश ऑक्टोबरअखेर निघाला. आंदोलनं झाली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि प्रत्यक्ष पाणी सुटेपर्यंत नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला. कोरड्या पात्रातून इतक्या लांब आलेलं पाणी वाटेत मुरतं, उडतं, उपसलं जातं. सोडलेलं आणि पोचलेलं हे दोन वेगळे आकडे असतात, आणि दर आठवड्याच्या उशिराने त्यांच्यातलं अंतर वाढतं.

लातूरच्या त्या वर्षाचा शेवट सप्टेंबरात झाला. पाऊस इतका कोसळला की मांजरा धरण महिनाअखेर भरलं. शहरातल्या लोकांनी धरणावर जाऊन पाणी डोळे भरून पाहिलं. आभाळाचा निर्देशांक सावरला, उपग्रहाला शिवार हिरवं दिसलं, धरणाची टक्केवारी शंभरच्या घरात गेली, उथळ विहिरी तुडुंब झाल्या. फक्त आठशे फुटांवरच्या भेगांत काय झालं, तेवढं कोणत्याच तक्त्यात आलं नाही.